हात लावायची परवानगी

"आज राहू दे ना," मॅव्हिस म्हणाली. "बाहेर वारं सुटलंय. पुन्हा खोकला धरेल तुला."

"एप्रिल आहे. वारं सुटणारच." लिडिया कोटाची बटणं चाचपून लावत होती. "माझी काठी दे."

काठी दाराशीच होती. मॅव्हिसनं ती बहिणीच्या हातात दिली.

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाचं दार वसंतातले चार शनिवार गावासाठी मोकळं असे. एका शनिवारी पोरं मातीची भांडी वळायची, एका शनिवारी हिरवळीवर संगीताचे विद्यार्थी वाजवायला बसायचे. यंदा एक नवं निघालं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी यावं आणि शिल्पं हातांनी बघावीत. पत्र आलं त्या दिवसापासून लिडियाचं तेच चाललं होतं, कारण तिच्या नवऱ्यानं, एल्मरनं, केलेला तिचा ब्राँझचा अर्धपुतळा तिथे होता.

"सगळ्या गावानं मला पाहिलंय," ती गाडीत म्हणाली. "मीच तेवढी राहिले."

 मॅव्हिसनं गाडी संग्रहालयाच्या रस्त्याला वळवली.

संग्रहालयात गर्दी बेताची होती. एका टेबलावर कॉफी आणि लिंबाच्या वड्या मांडलेल्या. जोनेल नावाची विद्यार्थिनी पुढे आली. "मिसेस हॉल्म, तुमची वाटच बघत होते मी. सरांचं काम आम्हाला वर्गात शिकवतात."

"सर जाऊन दोन वर्षं झाली," लिडिया म्हणाली. "मला आधी त्यांच्याकडेच ने. घोडे-बिडे मग बघू."

"आधी थोडी कॉफी घे," मॅव्हिस म्हणाली.

"कॉफी घरी मिळते."

जोनेलनं तिला पातळ हातमोजे चढवले. मॅव्हिस मागून चालत राहिली. त्या दालनाची वाट तिला डोळे मिटून सापडली असती. गेली पंचवीस वर्षं दर गुरुवारी, वाणसामान आणायला म्हणून निघाली की ती आधी इथे यायची आणि पाच मिनिटं त्या पुतळ्यासमोर उभी राहायची.

खालच्या पट्टीवर 'लिडिया' असं कोरलं होतं. चेहरा मॅव्हिसचा होता.

गावात कुणी हे बोलून दाखवलं नाही. बहिणीबहिणी, असेल सारखेपणा, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं असावं. पण सारखेपणा काही नव्हता. लिडियाचा चेहरा गोल, नाक बसकं. पुतळ्याचं कपाळ रुंद, हनुवटीला खळी, आणि वरच्या ओठावर लहानपणी घसरगाडीवरून पडून झालेली खूणसुद्धा होती. मॅव्हिसनं तो एल्मरच्या प्रदर्शनात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या बॅगा भरून तयार होत्या. लिडियाची नजर गेल्यावर ती वर्षभरासाठी म्हणून मदतीला आली होती. वर्षाची तीन झाली होती, आणि आता तिचं ज्याच्याशी ठरलं होतं त्या क्लाइडला दूर ओरेगॉनच्या शाळेत नोकरी लागली होती. दोघं तिकडेच लग्न करणार होती. त्या संध्याकाळी प्रदर्शनाहून परतल्यावर तिनं बॅगा रिकाम्या केल्या. क्लाइड एकटा गेला.

एल्मर तिच्याशी त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. जेवणाच्या टेबलावर तो मीठ मागायचा आणि ती द्यायची, एवढंच. तेवढ्यावर तिचं आयुष्य निघालं होतं, आणि तिला ते कमी वाटलं नव्हतं.

"हा इथे," जोनेल म्हणाली आणि लिडियाचे हात ब्राँझवर ठेवले.

लिडियानं घाई केली नाही. कपाळ झालं, भुवया झाल्या. नाकावरून बोटं खाली आली आणि ओठाशी थांबली. 

"छान आहे," लिडिया म्हणाली. "बारकाईनं केलंय. पोरी, जरा पाणी आणतेस?"

जोनेल गेली. दालनात दोघीच उरल्या. लिडियाचं बोट अजून त्या ओठावरच होतं.

"लिडिया," मॅव्हिस म्हणाली. "मी तुला कधीच सांगायला हवं होतं."

"काय?"

"तुला कळलंय काय ते." ती भिंतीला टेकली. "पण आईची शपथ, त्यानं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. मीही कधी पायरी सोडली नाही. त्याचं मन होतं माझ्यावर, त्याला मी काय करणार? मी नुसती राहिले. तुझं सगळं केलं. मला माफ कर."

लिडियानं एकेक करून हातमोजे काढले. मग हात पुढे केला. मॅव्हिसनं सवयीनं आपला दंड दिला, आणि लिडियानं तो नेहमीसारखा घट्ट धरला.

"रडू नकोस. पोरगी येईल आता," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मन कसलं? रोज समोर असूनही त्याला तुझा चेहरा धड आठवतसुद्धा नव्हता. आईच्या पेटीतले फोटो मी काढायला लावले, ओठावरची खूण मी सांगितली. दोन महिने कुरकुरत होता. तू ओरेगॉनला निघालेलीस, आणि पगारी बाई आम्हाला परवडत नव्हती. मी म्हटलं, एल्मर, तिचा चेहरा कर आणि तोंडातून शब्द काढू नकोस. मग जातेय कुठे ती."