दोन्ही कानांत सारखं

"कशाला हवाय नवा? आपला जुनाच कंप्रेसर बरा आहे, दादा," स्टुडिओत सुधन्वाची मदतनीस शुभदा सकाळपासून म्हणत होती. पण आवाजाचे चढउतार आवरणारं नवं सॉफ्टवेअरच वापरा, असा गायिकेने हट्टच धरला होता. हल्ली असं प्लगइन घेतलं, की एखाद्या कसलेल्या मिक्सिंगवाल्याच्या कामांवरून त्याचा कान त्यात उतरवलेला असायचा. कुणाचा, ते कंपनी सांगत नसे.

सुधन्वाने गाणं लावलं. चढलेले सूर हळूच दबले, पुटपुटलेले शब्द वर आले, पेटी आणि टाळ दोन बाजूंना नेमके बसले. दोन्ही कानांत सारखं ऐकू येताच तो चपापला.

त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येई. दुसऱ्या कुणाचंही काम त्याला डावीकडे कललेलंच वाटायचं. स्वतः मिक्सिंग करताना तो उजवी बाजू चढवून ठेवी आणि गाणं बाहेर जाण्याआधी शुभदा ती कुणाला कळू न देता उतरवी. इतक्या वर्षांत हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याने पडद्यावरचं आवाजाचं मीटर पाहिलं. उजवी पट्टी डावीपेक्षा उंच नाचत होती. उजवी बाजू न उतरवलेली त्याची कामं या खोलीबाहेर कधी गेलीच नव्हती. म्हणजे आतूनच कुणीतरी ती कंपनीला दिली होती.

"कुणाचा कान असेल गं हा?"

"आपल्याला काय ठाऊक," शुभदा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. बोलता बोलता तिचा हात सवयीने पुढे आला आणि तिने उजवी बाजू उतरवली.

सुधन्वाला गाणं पुन्हा डावीकडे कललेलं ऐकू येऊ लागलं.