डुकरंवाला गेला

पहिला दगड मावशीनं मारला. तो डुकरंवाल्या म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या दारावर आदळला आणि आत डुकरं किंचाळली. मागं उभी असलेली गल्ली जणू तेवढ्याचीच वाट पाहत होती. कुणी कुंपण उपटलं, कुणी पाण्याचं पिंप उलथं केलं. म्हातारा दारात आला. त्याच्या हातात काठीसुद्धा नव्हती.

"अगं मावशी, तू रांधतेस त्या खाणीवर डुकराचं मटण मीच पोचवतो ना?" तो म्हणाला. "माझ्या डुकरांनी तुझं काय वाकडं केलं, ते तरी सांग."

"माझ्या पोरीच्या डोक्यात तुझ्या डुकरांचे किडे निघालेत! आणि वर मलाच विचारतोस?"

ती खोटं बोलत नव्हती. तिची लेक शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्या हातचे कपडे होते. एका दुपारी मशीन चालवता चालवता ती बाजूला कलंडली. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कुणी म्हणालं, उन्हानं झालं. कुणी म्हणालं, लग्न करून टाका, आपोआप थांबेल. झटके काही थांबले नाहीत. शेवटी मावशी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. त्यात पांढरे ठिपके होते, तांदूळ सांडल्यासारखे.

"हा डुकरांमधून येणारा किडा आहे," डॉक्टर म्हणाले. पुढं ते बरंच काही सांगत होते. पण मावशीच्या कानात डुक्कर हा एकच शब्द शिरला होता आणि त्यानं बाकीच्या शब्दांना जागाच ठेवली नव्हती.

आणि लेक तर मांसाला शिवतही नव्हती. मावशी खाणीवरच्या मजुरांचा स्वयंपाक करायची. पातेल्यातला अर्धाकच्चा तुकडा तोंडात टाकून मीठ बघायची, आणि तिच्या हातून मीठ कधी चुकलं नाही म्हणून मजूर तिच्यावर खूश असायचे. लेकीला मात्र आईच्या कपड्यांना येणाऱ्या मटणाच्या वासानंही मळमळायचं. मग किडा आला कुठून? गल्लीमागच्या माळावर सगळे परसाकडे जात. तिथंच म्हाताऱ्याची डुकरं मोकाट चरत आणि तीच तोंडं घेऊन दारादारांत हुंगत फिरत. मावशीला दुसरं उत्तर शोधायची गरजच वाटली नाही.

म्हातारा त्याच संध्याकाळी गेला. हातगाडीवर गादी, दोन भांडी, आणि मागून उरलीसुरली डुकरं. कुठं चाललास, असं कुणी विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी मावशीला शांत झोप लागली.

पण झटके येतच राहिले. लेकीचा उजवा हात लुळा पडत गेला. आधी सुई धरवेना, मग चमचाही धरवेना. औषधांनी ती दिवसभर गुंगीत असायची. मावशी खाणीवरून अर्ध्या दिवसानं परत यायला लागली. यायची ती माळावरच्या वाटेनं, धावतपळत, आणि आल्या आल्या भात कालवायला घ्यायची.

"आ कर बघू."

"मी काय तान्ही आहे का गं, आई?"

"माझ्यासाठी तान्हीच आहेस. गप खा."

नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेली पोर. तिच्या पोटात चार घास गेले की मावशीचा जीव थाऱ्यावर यायचा. दवाखान्यातल्या गोळ्यांपेक्षा तिचा आपल्या हातच्या घासांवर जास्त भरवसा होता.

मग एक दिवस दवाखान्याची माणसं आली आणि त्यांनी घरोघरी झाकणाच्या डब्या वाटल्या. कशासाठी ते कळल्यावर गल्लीत हसून हसून पुरेवाट झाली. "एवढी दौलत नेताय, जपून न्या हं!" एकजण ओरडला. नर्सबाई प्रत्येक बाईला बाजूला घेऊन विचारत होती, शौचातून चपटे, पांढरे तुकडे पडतात का? बायका तोंडाला हात लावून नाही म्हणत होत्या. मावशीही नाही म्हणाली. असल्या गोष्टी का कुणाला सांगायच्या असतात?

नर्सबाई परत आली तेव्हा मावशी लेकीला भरवत होती. नर्सबाई आत आली आणि न सांगताच जमिनीवर बसली.

"किडा त्या म्हाताऱ्याच्याच पोटात निघाला ना?" मावशीनं विचारलं.

"त्याला आम्ही पुलापलीकडे गाठलं. त्याच्या पोटात काही नाही."

"मग?"

"मावशी, डुकराचं अर्धंकच्चं मटण खाल्लं की किडा पोटात जातो. आत पट्टीसारखा लांबच लांब वाढतो. ज्याच्या पोटात असतो, त्याला फारसा त्रासही होत नाही. पण त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात, नखांत अडकतात. साबणानं हात धुतले नाहीत, तर त्या हातानं केलेल्या जेवणात जातात. ते जेवण दुसऱ्या कुणी खाल्लं, की त्यांतले किडे त्याच्या डोक्यात जाऊन बसतात. तुमच्या लेकीला हे डुकराकडून आलेलं नाही. माणसाकडून आलंय. अख्ख्या गल्लीत एकाच डबीत अंडी सापडली."

"कुणाच्या?" मावशीचा आवाज चढला. "नाव सांगा, बाई. आत्ता जाऊन बघते त्याच्याकडे!"

नर्सबाई तिच्या बोटांतल्या घासाकडे पाहत होती.

"तुमच्या, मावशी."

मावशीचा हात तसाच अधांतरी राहिला. गुंगीतल्या लेकीला यातलं काही कळलं नव्हतं. डोळे मिटून, तोंड उघडून, ती पुढच्या घासाची वाट पाहत होती.