एक पट्टी खाली

व्हिएन्नातल्या एका मैफलीत राइनहोल्डचा आवाज वरच्या सुरावर चिरकला. "घसा बसलाय, दुसरं काही नाही," असं तो म्हणाला, पण त्याच्या साथीला पियानो वाजवणाऱ्या ओटिलीला ते पटलं नाही. त्याची लाज राखायची म्हणून तिने पुढच्या मैफलीपासून त्याला न सांगताच सगळी गाणी एक पट्टी खाली वाजवायला घेतली. त्याच्या ते लक्षात आलेलं दिसलं नाही.

तिथेच ती अडकली. साल्झबर्गहून शिकवायला बोलावणं आलं, तिच्या एकटीच्या मैफलीबद्दल विचारणा झाली. तिने सगळ्यांना नाही म्हटलं. दुसरं कुणी साथीला बसलं आणि छापल्याप्रमाणे वाजवलं, तर चारचौघांत याचा आवाज फाटणार.

या जानेवारीत बर्फावरून घसरून तिचं मनगट मुरगळलं. आयत्या वेळी ग्राझहून एक बाई साथीला आली. तिला सावध करावं तर गुपित फुटणार, म्हणून ओटिली गप्प राहिली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

त्या बाईने मूळ पट्टी धरली. ओटिलीने डोळे मिटले. राइनहोल्ड सर्वांत वरच्या सुरावर गेला, तिथे निवांत थांबला आणि सावकाश खाली उतरला.

मैफल संपल्यावर तोच तिची समजूत घालायला आला.

"मनाला लावून घेऊ नकोस, ओटिली. मूळ पट्टी तुझ्या बोटांना झेपत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर बर्लिनहून बोलावणं आलं तरी गेलो नाही मी. तुला दुसऱ्या कुणी साथीला घेतलं असतं का?"