तळघरात उतरलेली सिदोनी

दरवर्षी द्राक्षतोड संपली की मी ज्युराच्या डोंगराखालच्या त्या छोट्या गावी आन्सेल्ममामांकडे राहायला जाते. यंदा दुपारच्या गाडीने उतरले. ओदीलमामी अंगणात अक्रोड फोडत बसली होती. तिने मला बॅग घेऊन फाटकातून येताना पाहिलं आणि तिचे हात थांबले.

“अगं सिदोनी, परत बाहेर कशी तू? आत्ताच तर तळघरात गेलीस ना, मामांना बोलवायला?”

“मामी, चष्मा कुठाय तुझा? मी आत्ता येतेय.”

“चष्मा डोळ्यांवरच आहे,” मामी म्हणाली. ती हसत नव्हती.

मी बॅग टाकून धावले. पिंपांत रस आंबत असला की तळघरात विषारी हवा साचते, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. मामा खालच्या पायरीवर कलंडले होते. श्वास कोंडून मी त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढत ओढत वर आणलं.

उन्हात निजवल्यावर त्यांनी खोकत डोळे उघडले. मामी रडत रडतच त्यांच्यावर बरसली, “म्हाताऱ्या गाढवा, खाली जाण्याआधी झरोके कोण उघडणार होतं?” मला इतकं हायसं वाटलं की मीही रडले.

मामांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग त्यांनीही मोठा निःश्वास सोडला.

“सुटलीस गं पोरी! मला पायरीपर्यंत ढकललंस आणि स्वतः तिथेच पिंपाशी बसून राहिलीस. मला वाटलं, तू काही आता वर येत नाहीस.”