जिताड्यासाठी आमिष

सुकदेवने डब्यातल्या जिवंत कोळंब्यांकडे पाहिलं आणि डबा बाजूला सारला. पाणी गढूळ असेल तर कोळंबी लावावी; आज हजीऱ्याच्या खाडीचं पाणी निवळ होतं. चिखलातला निवटा गळावर टिकतो, पण त्याला आधी खेकडेच कुरतडतात. आज चुकून चालणार नव्हतं. आज जिताडा मासाच हवा होता, आणि तो बायकोसाठी, चंचलसाठी हवा होता.

प्लेगची साथ सरली, सुरत सोडून पळालेली माणसं परत आली, कापडाचे लूम पुन्हा खडखडू लागले. त्याच्या बायकोला मात्र अन्न गोड लागेना. दोन घास खाऊन ताट सारायची. विचारलं तर काही नाही म्हणायची, आणि दवाखान्याचं नाव काढलं की उठून भांडी घासायला बसायची. एकाच खोलीत सासराही राहत असल्याने डोक्यावरचा पदर दिवसभर जागचा हलत नसे. सुरतेला नवीन आली तेव्हा तिने एकदा जिताडा खाल्ला होता, काटेसुद्धा चोखले होते. तो पुन्हा ताटात पडला की ही जेवायला लागेल, असं सुकदेवच्या मनाने घेतलं होतं. भोळं मन, एकदा घेतलं की सोडत नाही.

त्याने खिशातली छोटी डबी उघडली. आत त्याने स्वतः बांधलेल्या फसव्या मासोळ्या होत्या. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या मासोळीला जिताडा हुंगत नव्हता, कोंबडीचं पीस भिजून लोळागोळा व्हायचं. मग एकदा त्याला कोनाड्यात चंचलचं गुंतवळ दिसलं. फणीला आलेले केस बायका जपून ठेवतात. केसांवर भांडी देणारी बाई येते तिच्यासाठी. त्याने ते जरीच्या धाग्याने गळाला बांधलं, आणि पाण्यात ते जित्या मासोळीसारखं वळवळलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून तो पोटभर हसला होता. तेव्हापासून चंचल गुंतवळ त्यालाच देई. भांडीवाली हात हलवत परत जाई.

सुकदेवने एक मासोळी काठीच्या तंगुसाला, नायलॉनच्या दोरीला बांधून पाण्यात फेकली. शेजारच्या लूमवरचा गोपाल बाजूला बसला होता, त्याने एक मागितली. सुकदेवने ऐटीत डबीच पुढे केली. गोपालने आत बोट फिरवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुले इतला केस कथाईन भेटनात रे? मनी बायको वरीसभर जमाडस, तरी येक मासोळीपुरता बी व्हत नई."

सुकदेवने डबी परत घेतली आणि आतल्या मासोळ्या मोजल्या. पहिल्या मासोळीपुरतं गुंतवळ जमायला होळीपासून पावसाळा लागला होता. ही गच्च डबी एवढ्यातल्या एवढ्यात भरली होती. घरात बरकत आली, असं परवा तो चंचललाच म्हणाला होता. तिने पदर पुढे ओढला होता.

तेवढ्यात तंगुसाला जबर हिसका बसला. लांब पाण्यावर रुपेरी पाठ वळली. गोपाल ओढ म्हणून ओरडला. सुकदेवने हातातली काठी तशीच सोडून दिली आणि रस्त्याकडे पळत सुटला. इच्छापोरमार्गे सुरतेला निघालेल्या ट्रकला त्याने हात केला.

घरी पोचला तेव्हा त्याचा बाप बाहेर गेला होता. चंचल चुलीपाशी बसली होती. दारात धापा टाकणारा नवरा तिने पाहिला, त्याचे रिकामे हात पाहिले. तो इतक्या लवकर कशाला परतला, हे तिने तिच्यापुरतं ओळखलं. ती भिंतीला धरून उठली आणि उंच कोनाड्यातली पिशवी काढायला तिने दोन्ही हात वर केले. पदर खांद्यावर आला. मागे वेणी नव्हती. टाळूवर जागोजाग नुसतं कातडं होतं.

तिने घाईने पदर ओढला आणि फुगलेली पिशवी त्याच्यापुढे धरली.

"केस सरनात ना? आजना बी ठेवेल शेतस."