मोहटोल्याचं अर्धं कीर्तन

भैय्यालालनं टाळ वाजवायला दोन्ही हात उचलले, तेवढ्यात मंदाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा."

"कायले थांबू, वहिनी? टाळ वाजले का पळतीन सारी जनावरं. दोन तासाचाच कागद आहे आपल्यापाशी."

कागद वनखात्याचा होता. मोहटोला गाव अभयारण्यात गेलं त्याला नऊ वर्षं झाली. घरं पाडली, माणसं जंगलाबाहेरच्या नव्या वस्तीत नेली. मागं राहिला तो एकटा मारुती, मोहाच्या झाडाखाली. आता नव्या वस्तीत देऊळ बांधून तयार होतं. हनुमान जयंती आठ दिवसांवर आली होती. गावानं अर्ज केला, खात्यानं एका सकाळचे दोन तास दिले: जा, तुमचा देव घेऊन या. पण घरांच्या जागी आता पुरुषभर गवत होतं. मारुती नेमका कुठं, हे खात्रीनं सांगणारी मंदाबाईच उरली होती. म्हणून अडुसष्ट वर्षांची ती बाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. मागं भैय्यालाल, नव्या देवळाचा अध्यक्ष, मांडीवर देवासाठी कोरी शाल घेऊन. गाडी चालवत होती वनरक्षक हर्षा.

मंदाबाईच्या पिशवीत निरांजन होतं, तुपाची वाटी होती आणि काडीपेटी होती. काडीपेटी पाहून हर्षानं तिला गेटवरच अडवलं होतं.

"आजी, एप्रिल आहे. एका काडीनं जंगल जाईल."

"आरतीपुरती पेटवतो बाई. मंग तूच विझव."

त्या आरतीसाठी तर ती आली होती.

तिचा नवरा तुलारामबुवा दर शनिवारी त्या मोहाखाली कीर्तनाला उभा राहायचा. उजवीकडे गडीमाणसं, डावीकडे बाया. आधी एक रिकामा पाट मांडायचा, मारुतीसाठी. रामाची कथा असेल तिथं तो ऐकायला येतोच. दगडात बसलेला असो की नसो, पाट मांडायचाच. आणि आरती झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा तरण्या भैय्यालालचा बैल सुटला म्हणून तो मधूनच उठला, तर बुवांनी कथा थांबवली. "बस रे. बैल तुह्यापेक्षा शहाणा आहे, घरी जाईन आपला आपण." सारी सभा हसली होती.

गाव सोडायच्या दिवशी बुवा शेवटचे उभे राहिले. कथा ऐन रंगात आली आणि ट्रक आले. हॉर्न वाजू लागले. एकेक जण उठला. कुणाची गाठोडी, कुणाच्या शेळ्या. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आरती झालीच नाही. नव्या वस्तीत लोकांनी कितीदा विनवलं, बुवांचं एकच उत्तर: "अर्धं टाकून दुसरं कसं धरू?" त्याच पावसाळ्यात ते गेले. नऊ वर्षं त्या वस्तीत कीर्तन झालं नाही. आज राहिलेली आरती म्हणायची, ते कीर्तन पुरं करायचं आणि मग देव उचलायचा, असं मंदाबाईनं ठरवलं होतं.

गवत संपलं, मोह दिसला, आणि हर्षानं न सांगताच गाडी बंद केली.

झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. त्याचा गोड, जड वास गाडीपर्यंत येत होता. बुंध्याला टेकून मारुती होता. शेंदूर पावसानं केव्हाच धुऊन नेलेला. नुसता काळा दगड, आणि डोक्यावर दोन मोहफुलं. त्याच्या उजव्या हाताला वानरं बसली होती, वीस-पंचवीस, गुडघ्यांवर हात ठेवून. डाव्या हाताला चितळाच्या माद्या, पाडसांना पोटाशी घेऊन. एकही हलत नव्हतं. मधे, मारुतीच्या समोर, चार हात जागा रिकामी होती. तिथंही फुलं दाट पडली होती. त्यांना कुणी तोंड लावलं नव्हतं.

ती बुवांची जागा होती.

 मंदाबाईचे हात आपोआप जुळले.

"हा दगड देव आहे हे मले ठाऊक नव्हतं. पण रोज सकाळी असंच असते, आजी," हर्षा कुजबुजली. "फुलं खाऊन होतात, तरी बसून राहतात. मी गस्तीवर आली का गाडी बंद करूनच थांबते. काहून, ते मलेही समजत नाही."

भैय्यालालनं घड्याळ पाहिलं. टाळ पुन्हा वर गेले. "वहिनी, येळ जाऊन राहिला."

मंदाबाई मागं वळली नाही.

"भैय्यालाल, बैल सुटला तवाही तूच उठला होतास मधातून."

टाळ हवेतच थांबले. मग त्यानं ते शालीवर ठेवले, एकावर एक, जराही आवाज न करता.  बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"मंग नव्या देवळात काय ठेवाचं, वहिनी? लोकं वाट पाहून राहिले."

"पाट मांडा. कथा लावा. ऐकाले येते तो."

"आन् ही आरती? अर्धं राहिलेलं पुरं कराले तर आल्या तुमी."

मंदाबाईनं काडीपेटी पिशवीत खोल सरकवली आणि पिशवीची गाठ मारली.

"अर्धं कुठं राहिलं, बाबू," ती हळूच म्हणाली. "सुरूच आहे. आरतीले येळ आहे अजून."