ब्रेकनरचा माल

“बूट ने, कोट ने, ती गळांची पेटीसुद्धा ने,” आर्डिस म्हणाली. “उद्या सकाळी अंगणात सगळं विकायला मांडायचंय. लोक हात घालायच्या आत तुला काय हवं ते उचल.”

ऑर्विल कॉफीचा मग धरून बघत राहिला. स्वयंपाकघरभर ब्रेकनरच्या दुकानातला माल पसरला होता. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट, ठिगळ लावलेले रबरी बूट, रंग उडालेले लाकडी मासे. हेच मासे गळाला लावून तो आणि आर्डिसचा नवरा क्लेटन उन्हाळाभर तळ्यावर बसत. आर्डिस आता मुलीकडे राहायला निघाली होती, आणि नवऱ्याच्या या वस्तूंना तिथे जागा नव्हती.

ब्रेकनरचं शिकारीच्या सामानाचं दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली. त्या जागी दातांचा दवाखाना आला, आणि ऑर्विल रागानं तीस मैल लांबच्या डॉक्टरकडे जातो. गावात कुणाच्याही घरचं जुनं सामान निघालं की हा पहिला हजर. काडतुसांची पेटी दिसली की झाकण वाचणार, उघडून मोजणार. म्हाताऱ्याला ब्रेकनरचं वेड लागलंय, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याला खरी हवी होती ती एकच वस्तू, त्याच्या नावाची शेवटची पेटी.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शिकारी मित्रांची सगळी टोळी ब्रेकनरकडे जाऊन नवी पेटी घ्यायची. म्हातारा ब्रेकनर वीस काडतुसं मोजून दाखवायचा आणि झाकणावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा. अठ्ठ्याहत्तर सालची ऑर्विलची पेटी क्लेटनच्या गाडीत राहून गेली. त्या शनिवारी क्लेटनच रानातून जिवंत परतला नाही. मग पेटीचं कोण विचारणार?

कुणा परक्याची गोळी लागली, असं ठरलं. पहिल्या दिवशी रानात चारी बाजूंनी बार होत असतात. टोळीतल्या प्रत्येकानं सांगितलं, आपण बार काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी शेरीफनं याच अंगणात क्लेटनच्या गाडीतल्या सगळ्यांच्या पेट्यांतली काडतुसं मोजली. सगळ्या भरलेल्या निघाल्या, फक्त क्लेटनच्या पेटीत एक कमी. म्हणजे मरण्यापूर्वी क्लेटननं एक बार काढला होता आणि त्याचं हरीण हुकलं होतं, असं सगळ्यांनी धरलं.

नेम हुकला की शर्ट कापायचा, हा टोळीचा नियम. शर्टाचं मागचं शेपूट कात्रीनं उडवायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि रानातल्या झोपडीच्या भिंतीवर ठोकायचं. गेलेल्या माणसाला तरी सूट द्यायची, पण टोळी हट्टी. रडत रडत त्यांनी क्लेटनचा शर्ट कापला. जन्मात कधी न हुकलेला माणूस असा भिंतीवर लागला. ऑर्विल तेव्हा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या स्वतःच्या शर्टाला कधी कात्री लागली नाही. त्या वर्षापासून त्यानं बंदूकच हातात धरली नाही.

“अजून ब्रेकनरचाच शर्ट?” आर्डिसनं विचारलं. “कोपरं बघ जरा. बायको बाहेर कशी सोडते तुला?”

“माल टिकाऊ होता.”

“माल टिकला, माणसं नाही टिकली.” तिनं त्याच्यापुढे ॲपल पायची बशी सरकवली. “तुझी लेक कशी आहे, लोरीन?”

“बरी आहे. जानेवारीत एक्केचाळीस होईल.”

“बाप्तिस्म्याला मीच घेतली होती तिला. माझ्या अंगावर क्लेटनच्या सुतकाचा काळा पोशाख, आणि ही बया माझ्याकडे बघून हसतेय.” आर्डिसनं त्याचा मग पुन्हा भरला. “झोपडीही विकली मी. परवा जाऊन हे काढून आणलं.”

टेबलावर तिनं चौकड्यांच्या कापडाचा एक तुकडा ठेवला. त्यावरची शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. क्लेटन, १९७८. ऑर्विलनं त्याला हात लावला नाही. त्याला फार वाईट वाटलं, नेहमी वाटायचं तसंच.

“तो हुकणारा नव्हता,” तो म्हणाला.

“नव्हताच. बरं, तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे.”

तिनं कपाटातून पेटी काढली. झाकणावर ब्रेकनरचं तिरकं अक्षर होतं. ऑर्विल. एवढी वर्षं गावभर शोधली, आणि ज्या घरी दर नोव्हेंबरात तो जेवायला यायचा तिथे मागायची हिंमत झाली नव्हती. त्यानं पेटी उघडली आणि एकेक काडतूस टेबलावर उभं केलं.

“भरली का?” आर्डिसनं विचारलं. ती त्याच्यामागे खण धुंडाळत होती.

त्यानं पुन्हा मोजली. वीस.

“भरली.”

“मग चेहरा का असा? कमी निघायला हवी होती?”

“नाही. ब्रेकनर मोजूनच द्यायचा.”

“द्यायचा खरा.” खण बंद झाला. “एवढ्या नोव्हेंबरांत, ऑर्विल, दर वेळी वाटायचं, या वर्षी तू काहीतरी बोलशील. जेवायचास, भांडी पुसायचास आणि जायचास.”

ऑर्विलनं मान वळवली. तिच्या हातात शिवणाची मोठी कात्री होती.

“तुझ्या पेटीत एकोणीसच होती. विसावं क्लेटनच्या पेटीतलं आहे,” आर्डिस म्हणाली. “शेरीफ यायच्या आधी मीच घातलं, लोरीन तेव्हा तुझ्या बायकोच्या पोटात होती. चल, ऊठ आता, आणि शर्ट बाहेर काढ.”